जहाज फुटलं, बुडालं, किनाऱ्याला लागलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात एखादं जहाज किनाऱ्याला लागलं की दोन दिवस गर्दी होते, फोटो निघतात आणि नंतर तेच ते प्रश्न सुरू होतात. हे कुणाचं? कोण उचलणार? यातलं काही घेतलं तर चालतं का? अशा जहाजाला बंदरात आणि कोर्टात 'रेक' म्हणतात. पण वकील, विमावाला, भंगारवाला आणि कोळी यांच्या तोंडी तो शब्द आला की प्रत्येकाच्या मनात वेगळीच वस्तू असते. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

'रेक' म्हणजे बुडालेलं जहाजच ना?

तेही, पण तेवढंच नाही. आपल्याकडे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने जी व्याख्या केली, तिच्यात जहाजाआधी माल येतो. समुद्रात टाकलेला आणि तळाशी गेलेला माल, पडून तरंगत राहिलेला माल, पुन्हा सापडावा म्हणून बोया बांधून बुडवलेला माल, नुसता टाकून दिलेला माल, आणि सर्वांत शेवटी, परत मिळण्याची आशा सोडून दिलेलं जहाज. हे सगळं समुद्रात, भरतीच्या पाण्यात किंवा किनाऱ्यावर सापडलं तर ते 'रेक'.

जुन्या दर्यावर्दी कायद्यात यांना वेगवेगळी नावं आहेत. जहाज संकटात असताना हलकं करायला मुद्दाम फेकलेला तो जेटसम, आपोआप वाहून गेलेला तो फ्लॉटसम, खूण बांधून बुडवलेला तो लॅगन, आणि सोडून दिलेलं ते डेरेलिक्ट. म्हणजे पुळणीवर आलेलं एखादं पिंपही कायद्याच्या नजरेत रेक असू शकतं, आणि उलट खडकावर चढलेलं पण कप्तान आणि खलाशी अजून आत असलेलं जहाज या अर्थाने 'सोडून दिलेलं' नसतं. २०२५ साली संसदेने नवा मर्चंट शिपिंग कायदा केला, पण ही मूळ कल्पना शेकडो वर्षं जुनी आहे.

खलाशी उतरून गेले म्हणजे जहाज बेवारस झालं का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज. माणसं उतरली म्हणून मालकी जात नाही.

याचं आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे 'पवित'. जून २०११ च्या शेवटी ओमानच्या बाजूला या छोट्या टँकरच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं. त्यावरच्या भारतीय खलाशांना ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने वाचवलं. जहाज बुडणार असंच सगळे धरून चालले. ते बुडालं नाही. महिनाभर एकही माणूस नसताना नैऋत्य मोसमी वाऱ्याने ते अरबी समुद्र ओलांडून आणलं आणि ३१ जुलैला जुहूच्या वाळूत नेऊन बसवलं. २६/११ ला तीन वर्षंही झाली नव्हती. शेकडो टनांचं लोखंड कुणाच्याही नजरेस न पडता मुंबईच्या चौपाटीवर येऊन उभं राहतं, यावर मग सुरक्षा यंत्रणांना बरीच उत्तरं द्यावी लागली.

त्याच्या आधी जूनमध्ये 'विस्डम' आलं होतं. ते कोलंबोहून गुजरातेतल्या अलंगला तोडायला ओढून नेत होते, वाटेत टगचा दोर तुटला आणि ते वांद्रे-वरळी सी लिंकच्या दिशेने भरकटलं. पूल वाचला, जहाज जुहूला लागलं. दोन्ही जहाजांना मालक होते, दोन्ही पुढे ओढून नेली गेली. पवितवर शेवटपर्यंत कुणी हक्क सांगितला नसता तरी ते ज्याने आधी पाहिलं त्याचं झालं नसतं.

किनाऱ्यावर वाहून आलेली वस्तू घरी नेली तर?

नेऊ नका. कायदा साधा आहे. वस्तू तुमची नसेल तर ती 'रिसीव्हर ऑफ रेक' म्हणून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. तो अधिकारी जाहीर सूचना काढतो, मालकाला दावा करायला वर्षभराची मुदत असते. नाशवंत किंवा अगदी कमी किमतीचा माल आधीच विकून पैसे ठेवता येतात. वर्षभरात कुणी आलं नाही तर विकून आलेली रक्कम, खर्च आणि वाचवणाऱ्याचा मोबदला वजा करून, सरकारजमा. लपवून ठेवणं हा गुन्हा.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम २१ प्रमाणे समुद्रातून आलेला असा माल आयात झाला असं धरूनच हाताळला जातो. म्हणजे लाटेने आणून टाकलेल्या खोक्यावरही सीमाशुल्काचा प्रश्न येतो. वाऱ्याने केलेली आयात! हसू येतं, पण हे कलम नसतं तर 'वाहून आलं' म्हणत काय काय उतरवलं गेलं असतं, हे आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या तस्करीच्या गोष्टी ऐकलेल्यांना सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट जिवाची. २५ मे २०२५ ला 'एमएससी एल्सा ३' हे जहाज कोचीजवळच्या समुद्रात ६४० कंटेनर घेऊन बुडालं. त्यातल्या १३ कंटेनरमध्ये घातक माल होता, आणि त्यापैकी १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन सुटतो, म्हणजे वेल्डिंगवाला जो गॅस जाळतो तोच. असं पिंप उघडून बघणाऱ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. केरळच्या पुळणींवर तेव्हा प्लास्टिकच्या गोळ्यांचे थर आले, मसुराच्या दाण्याएवढ्या, पांढऱ्या. वाळू मुठीत घेतली की निम्म्या गोळ्याच. त्या हाताने वेचता येत नाहीत, चाळाव्या लागतात, आणि पुढच्या भरतीला परत येतात.

आमच्या आजोबांच्या वेळी तर किनाऱ्याला लागलेलं गावाचंच असायचं म्हणे?

गावाचं नाही, राजाचं. ही कोकणची जुनी रीत होती आणि तिची नोंद चांगली झालेली आहे.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर होता. त्याने तहाची जी कलमं मांडली त्यात एक असं होतं, की इंग्रजांची जहाजं तुफानाने महाराजांच्या किनाऱ्याला लागली तर ती आणि त्यावरचा माल इंग्रजांना परत मिळावा. बाकी बरीच कलमं मान्य झाली, याला मात्र नकार मिळाला. कारण सांगितलं गेलं ते असं : वादळाने किनाऱ्याला लागलेलं परत द्यायचं नाही हा कोकणचा रिवाज आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर उद्या फ्रेंच, डच आणि बाकीचेही तीच मागतील. मला हा नकार मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना वाटतो. पहिलं कारण रिवाजाचं, दुसरं खरं.

युरोपातही वेगळं नव्हतं. इंग्लंडात किनाऱ्याला लागलेल्या बेवारस मालावर राजाचा हक्क असे, आणि बेवारस माल सरकारजमा होण्याचा आजचा नियम त्याच मुळातून आला आहे. म्हणजे ऑक्झेंडेन रायगडावर जे मागत होता ते त्याच्या स्वतःच्या राजानेही सहज दिलं नसतं.

जहाज वाचवणाऱ्याला काय मिळतं?

याला साल्व्हेज म्हणतात. लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराचा एक छापील करारनामा १९०८ पासून जगभर चालतो. त्याचं ब्रीद असं की वाचवलं तर पैसे, नाही वाचलं तर दमडीही नाही. रक्कम आधी ठरत नाही. काय वाचलं, धोका किती होता, कौशल्य किती लागलं हे पाहून नंतर लवाद ठरवतो. कप्तान होकार देतो आणि टग दोर टाकतो. ठरलेल्या भाड्याने नुसतं ओढून नेणं वेगळं, त्याला टोइंग म्हणतात. वादळात हा फरक कोट्यवधींचा असतो, म्हणून काही वेळा मालक भाव करत बसतो आणि तोवर ओहोटी लागून जाते.

माणसं वाचवणं हे मात्र कर्तव्य आहे, धंदा नाही. आपल्या कायद्यात जीव वाचवल्याबद्दलचा मोबदला साल्व्हेजच्या बाकी सगळ्या दाव्यांच्या आधी फेडायचा असतो. ही एक ओळ लिहिणाऱ्याला दंडवत.

एवढं मोठं जहाज वर्षानुवर्षं तसंच का पडून राहतं? सरकारला दिसत नाही का?

दिसतं. गोव्यात कांदोळीच्या 'रिव्हर प्रिन्सेस'इतकं तर कुठलंच जहाज कुणाला दिसलं नसेल.

६ जून २००० रोजी, पावसाळ्याच्या तोंडावर, हे खनिज वाहणारं जहाज नांगर तोडून कांदोळीच्या पुळणीजवळ येऊन रुतलं. लांबी जवळपास पाव किलोमीटर. पहिल्या काही दिवसांत, हलकं असताना, मोठ्या भरतीला ओढून काढता आलं असतं. तो मोका गेला. नंतर लाटांनी खालची वाळू कोरली, जहाज आपल्याच वजनाने खाली बसलं, आत वाळू आणि पाणी भरलं. मग ते ओढायची वस्तू राहिली नाही, कापायची झाली. मालक, विमा, सरकार, कोर्ट यांचं लांबत गेलं. राज्याने २००१ मध्ये पर्यटनस्थळांच्या रक्षणासाठी कायदा केला, जहाज ताब्यात घेतलं, निविदा काढल्या, कंत्राटं दिली, काही फसली. शेवटचं लोखंड निघेपर्यंत साधारण बारा वर्षं गेली.

तेवढ्या काळात पुळणीचा आकार बदलला. समुद्रात आडवी भिंत उभी राहिली की तिच्यामागे वाळू साठते आणि बाजूला धुपते. कांदोळीला नेमकं तेच झालं. आणि गंमत बघा, पर्यटक ते गंजकं धूड बघायलाच यायला लागले. शॅकवाल्यांना पत्ता सांगायला खूण मिळाली. काहींना ते जाऊ नये असंही वाटू लागलं होतं, ज्यांची घरं धुपीच्या बाजूला होती त्यांना सोडून.

असं का होतं याचं गणित सोपं आहे. अलंगला भरतीबरोबर चालत आलेलं जहाज म्हणजे हजारो टन विकाऊ पोलाद. तेच जहाज लाटांमध्ये अर्धं वाळूत गाडलेलं असेल तर कापायचा खर्च पोलादाच्या किमतीच्या वर जातो. कामाला फक्त ऑक्टोबर ते मे मिळतात. मालक म्हणजे पुष्कळदा एका देशातली एकच जहाज असलेली कंपनी, झेंडा दुसऱ्या देशाचा, विमा तिसऱ्या. ज्या दिवशी जहाजाची किंमत खर्चापेक्षा कमी होते, त्या दिवशी मालक फोन उचलायचं बंद करतो.

रत्नागिरीकरांना हे समजावून सांगायला लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन आदळलं. त्यावरच्या सगळ्या खलाशांना सुखरूप उतरवलं आणि जहाज मात्र पुढची कित्येक वर्षं तिथेच मोडत राहिलं. बंधारा गावाला वाचवायला होता. वर्षानुवर्षं त्याच्यावर जहाज धडका देत होतं.

यावर आंतरराष्ट्रीय कायदा नाही का?

आहे. जहाजांचे सांगाडे हटवण्याबद्दलचा नैरोबी करार २००७ साली झाला आणि १४ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. भारतही त्यात आहे. ३०० टन आणि त्याहून मोठ्या जहाजाच्या मालकाकडे सांगाडा काढण्याच्या खर्चाचा विमा असलाच पाहिजे, आणि मालक गायब झाला तरी सरकार थेट विमा कंपनीकडे पैसे मागू शकतं. कागदावर उत्तम.

खोच दोन ठिकाणी आहे. मूळ करार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढच्या पट्ट्यासाठी आहे, अगदी जवळच्या पाण्याला तो लावायचा तर देशाला वेगळं कळवावं लागतं. आणि ३०० टनांखालच्या, जुनाट, विमा संपलेल्या बोटी जाळ्यातून निसटतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात येऊन आदळणाऱ्यांत अशाच बोटी असतात.

इंजिन नसलेला तराफा कायद्यात जहाज धरतात का?

धरतात. नैरोबी कराराच्या व्याख्येत तरंगतं जवळपास काहीही येतं, जागेवर तेल किंवा खनिज काढण्याचं काम करत असलेले तरंगते मंच सोडून. हा प्रश्न 'पी ३०५' नंतर विचारला जाऊ लागला. बॉम्बे हायच्या परिसरात काम करणाऱ्या कामगारांना राहण्यासाठीचा तो तराफा होता, त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात नांगर तुटले, तो भरकटला आणि १७ मे रोजी बुडाला. वर २६१ माणसं होती, त्यातली १८६ वाचली. वादळाचे इशारे आधीच्या आठवड्यात आले होते. तराफ्याला पळून जाता येत नाही, त्याला आधीच ओढून न्यावं लागतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं.

विम्याच्या भाषेत 'टोटल लॉस' म्हणजे जहाज बुडालंच ना?

बुडालं तर खराच टोटल लॉस. पण जहाज डोळ्यांसमोर उभं असतानाही ते 'गेलेलं' असू शकतं. सोडवून दुरुस्त करायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर मालक ते विमा कंपनीच्या गळ्यात टाकून पूर्ण रक्कम मागू शकतो. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात तशी तरतूद आहे. कंपनी मात्र ते जहाज स्वीकारायला सहसा तयार नसते. पैसे देईल, मालकी घेणार नाही, कारण मालकीबरोबर सांगाडा हटवायची जबाबदारी येते. चारचाकीचंही तसंच आहे, तिथे दुरुस्ती विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली की टोटल लॉस. फक्त मोडकी गाडी घ्यायला भंगारवाले रांग लावतात.

तेल सांडलं की मासेमारीचं नुकसान कोण भरून देतं?

कागदोपत्री जहाजमालकाचा विमा. हातात काय पडतं ते वेगळं.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' यांची टक्कर झाली. चित्रा एका कुशीवर कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात गेले, काहींत कीटकनाशकं होती. कंटेनर अर्धवट बुडून तरंगत असल्यामुळे बंदराची वाहतूकच काही दिवस थांबवावी लागली. तेल रायगडच्या खारफुटीपर्यंत गेलं. मासे खाऊ नका असं सांगण्यात आलं. जवळजवळ एका वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ ला, साठ हजार टनांवर कोळसा घेऊन निघालेलं 'राक कॅरियर' मुंबईपासून साधारण २० सागरी मैलांवर बुडालं आणि पुन्हा तेल किनाऱ्यावर.

दोन्ही वेळा नारळी पौर्णिमा तोंडावर होती. दोन महिने बोट शाकारलेली, डिझेलसाठी आणि जाळ्यासाठी उचल घेतलेली, आणि नेमकं बाजारात गिऱ्हाईक पापलेटचा वास घेऊन पुढे जातं. हा तोटा सिद्ध कसा करायचा? विमा कंपनी मागच्या वर्षांच्या विक्रीच्या पावत्या मागते, आणि आपल्या कोळणी टोपलीवर बसून रोखीत धंदा करतात. एक सल्ला मी प्रत्येक मच्छीमार सोसायटीला देतो : लिलावाची वही रोज भरा, तारीख आणि वजनासकट. दावा करायची वेळ आली तर तीच कामाला येते.

बुडालेल्या जहाजापाशी मासे जास्त मिळतात, हे खरं?

खरं. लोखंडावर कालवं, शेवाळ धरतं, आडोसा मिळतो, लहान मासे येतात, त्यांच्यामागे तांबोशी, गोब्रा. गळ टाकणाऱ्याला ती जागा सोन्यासारखी. पण तीच जागा ट्रॉलरच्या जाळ्याचा काळ. जाळं अडकलं की एकतर दोर कापायचा किंवा ओढत बसायचं, आणि जास्त ओढलं तर बोटच कलंडते. म्हणून तांडेल अशा जागा जीपीएसमध्ये खूण करून ठेवतात. काही जण त्या दुसऱ्याला सांगतात, काही सांगत नाहीत.

मुद्दाम जहाज बुडवून असा आडोसा करायचाही प्रघात आहे. निवृत्त झालेली युद्धनौका 'आयएनएस गुलदार' सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं, आणि त्यासाठी नौदलाने ती २०२५ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे दिली. अशी नौका आधी तेल, रंग, तारा काढून धुऊन पुसून घ्यावी लागते. वादळात बुडालेल्या जहाजाची अशी तयारी कुणी केलेली नसते.

समुद्रात जुनी तोफ किंवा नाणी सापडली तर?

जागा लक्षात ठेवा, वस्तू हलवू नका, पुरातत्त्व विभागाला कळवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची रीफजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात. पण मला जास्त आवडतं ते सेंट जॉर्ज रीफवरचं जहाज. त्यात सोनंनाणं नाही, भरलीयेत ती कौलं, विटा, फरशा आणि खांबांची नक्षीदार शिरं. कौलांवर शिक्का आहे मंगळूरच्या बासेल मिशन टाइल वर्क्सचा, १८६५ सालासकट. त्यावरून पुष्कळ जण जहाज १८६५ ला बुडालं म्हणून सांगतात. ते साल कारखाना निघाल्याचं. जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं. कोकणातल्या कित्येक घरांवर अजून असली मंगळुरी कौलं आहेत. एखादं उतरवून मागची बाजू पाहा.

मुंबईच्या गोदीत सोनं सापडतं म्हणे?

सापडलं आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत स्फोटकं, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेलं 'फोर्ट स्टिकीन' उडालं. गाळ काढताना त्या विटा कित्येक वर्षांनीही निघत होत्या, आणि त्या सरकारकडे गेल्या. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यासाठी.

भंगारात काढायला आलेलं जहाज रेक का?

नाही. ते विकत घेतलेला माल आहे. अलंग असो की मुंबईचा दारूखाना, तिथे जहाज मुद्दाम भरतीला किनाऱ्यावर चढवतात. जुनी 'विक्रांत' २०१४ पासून दारूखान्यातच तोडली गेली, आणि तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींतही गेला. अलंगच्या वाटेवर दोर तुटला की मात्र 'विस्डम' होतं.

किनाऱ्यावर रुतलेल्या जहाजावर चढून बघता येईल?

परवानगीशिवाय चढणं गुन्हा आहे, आणि तो सोडून द्या, मरण आहे. बंद कप्प्यातलं लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू शोषून घेतं. झाकण उघडून खाली उतरणारा दोन पायऱ्यांत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही. शिवाय ओहोटीला टेकलेलं जहाज भरतीला हलतं आणि कडेला उभ्या माणसाला खाली घेतं. लांबून बघा. समुद्रात भरकटलेलं किंवा किनाऱ्याला लागलेलं काही दिसलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. जागा सांगताना जवळचं बंदर, दिशा आणि भरती आहे की ओहोटी एवढं सांगितलं तरी पुरतं.